मुरमांची बखर

‘मुरूम’ या एका शब्दाला मराठीत दोन नोकऱ्या आहेत. रस्त्याच्या कामावर कंत्राटदार ट्रकातून आणून ओततो तोही मुरूम, आणि ऐन लग्नसराईत हनुवटीवर उगवतो तोही मुरूमच. पहिल्याचा हिशेब सरकारी कचेरीत तरी सापडतो. दुसऱ्याची बखर मात्र घरोघर ज्याने त्याने आपापल्या आरशापुरती लिहिलेली असते आणि ती कोणी कोणाला वाचून दाखवीत नाही. दिवाळीचा दिवस हा तेल-उटण्याचा, म्हणजे त्वचेच्या कौतुकाचा. म्हणून ही बखर याच निमित्ताने, थोडी विस्ताराने सांगावी असे मनात आले.

बखरीची सुरुवात नावापासून करू. मुरमाला सोवळ्या मराठीत आपण ‘तारुण्यपिटिका’ म्हणतो. हा शब्द कोणा आधुनिक भाषांतरकाराने घडविलेला नाही, त्याचे मूळ फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात चव्वेचाळीस क्षुद्ररोग सांगितले आहेत. क्षुद्र म्हणजे लहानसहान. या यादीत पिकलेले केस आहेत, टक्कल आहे, तीळ आहेत, पायाची कुरुपे आहेत. आणि त्यांच्याच पंक्तीला ‘मुखदूषिका’ बसल्या आहेत. तरुणांच्या तोंडावर कफ, वात आणि रक्त यांच्या बिघाडाने उठणाऱ्या त्या पुटकुळ्या सुश्रुताला काटेसावरीच्या काट्यांसारख्या दिसल्या. ज्याने काटेसावरीचे खोड जवळून पाहिले आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते कळेल. बुडाशी रुंद, टोकाशी अणकुचीदार, आणि हात लावला तर दुखविणारा असा तो काटा असतो. उपाय म्हणून सुश्रुताने वमन सांगितले, आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप सांगितला. दुसऱ्या लेपात धने आणि कोष्ठ आहेत. आजीच्या बटव्यातील निम्मी औषधे इथे भेटतात.

आता रोमला जाऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने वैद्यकावर आठ भागांचा ग्रंथ लिहिला. मुरूम, वांग, ठिपके यांवर औषध करणे हा खरे तर वेडेपणाच, असे त्याचे मत. परंतु बायकांना रूपाच्या काळजीपासून कोण दूर करणार, असे म्हणून त्याने औषधही दिलेच: राळ, तितकीच तुरटी, आणि थोडासा मध. उपाय द्यायचा पण नाक मुरडून द्यायचा, ही वैद्यांची रीत तेव्हापासूनची दिसते. पुढे सम्राट थिओडोसियसच्या दरबारी असलेल्या मार्सेलस नावाच्या गृहस्थाने तर आकाशालाच हात घातला. तारा तुटताना दिसला की तो विझायच्या आत फडक्याने तोंड पुसावे. तारा जसा गळतो तसे मुरूम गळतात. मात्र उघड्या हाताने पुसू नये, नाहीतर मुरूम हाताला लागतात! आज हसू येते खरे. पण मुरूम हाताने चिवडू नये, एवढा शेवटचा भाग आजचे डॉक्टरही सांगतात.

इंग्रजीतला ‘ॲक्ने’ हा शब्द कोठून आला याची कथा याहून मनोरंजक आहे. सहाव्या शतकात अमिडा गावचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील दियारबाकिरचा, एटिअस नावाचा वैद्य होऊन गेला. त्याच्या ग्रीक ग्रंथात हा शब्द भेटतो. मूळ शब्द ‘आक्मे’, म्हणजे शिखर, ऐन बहर, असावा आणि नकलून घेणाऱ्याच्या हातून ‘म’च्या जागी ‘न’ पडला असावा, असे बहुतेक विद्वान मानतात. म्हणजे एका लेखनिकाच्या डुलकीतून निघालेले नाव जगाने दीड हजार वर्षे चालविले. पुढे इंग्लंडात रॉबर्ट विलन याने त्वचारोगांची शिस्तवार वर्गवारी आरंभिली आणि १८१३ साली त्याचा शिष्य थॉमस बेटमन याने ती पुरी करून छापली. तिच्यात ‘ॲक्ने’ला कायमची खुर्ची मिळाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे ‘तारुण्याची’ पिटिका, ग्रीकांकडे ‘बहराची’ पुटकुळी. दोन दूरदूरच्या संस्कृतींनी एकमेकींना न विचारता हा विकार तरुणांच्या नावे लिहून टाकला. सातबाऱ्यावर एकदा नाव चढले की उतरत नाही, तसे झाले. मग ज्याचे तारुण्य ओसरले आणि पिटिका ओसरल्या नाहीत, त्याने काय करावे?

हा प्रश्न मला पुस्तकाने घातला नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, लहान मुलांना शिकवणारी आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी बाई. वयाची बेचाळीस वर्षे उलटल्यावर माझ्या हनुवटीवर काटेसावर उगवली. तिसरीतल्या एका मुलीने फळ्याशी उभी असताना मला विचारले, “बाई, हे तर माझ्या ताईला येतात. तुम्हांला कसे आले?” वर्गात कोणी हसले नाही, मुलांना खरोखरच उत्तर हवे होते. शिक्षकांच्या खोलीत मात्र उत्तर कोणालाच नको होते. तिथे सल्ले होते. एकीच्या मते माझे पोट साफ नव्हते, दुसरीच्या मते जागरणे करून लिहिणे हे मूळ, आणि तिसरीने हलक्या आवाजात “काही टेन्शन आहे का घरी?” असे विचारले. त्या प्रत्येक सल्ल्याच्या पोटी एक आरोप होता. मी ग्रंथालयाची वाट धरली ती त्यामुळे.

प्रथम आकड्यांनी धीर दिला. अमेरिकेतील अलाबामा येथे १,०१३ प्रौढांची पाहणी करून २००८ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. विशीतल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आपल्याला अजून मुरूम येतात असे सांगितले; तिशीतल्या शेकडा ३५ स्त्रियांनी, चाळिशीतल्या शेकडा २६ स्त्रियांनी, आणि पन्नाशी ओलांडलेल्या शेकडा १५ स्त्रियांनीही. प्रत्येक वयात पुरुषांचे प्रमाण कमी निघाले. इंग्लंडातील लीड्स येथे पंचविशीनंतरच्या दोनशे रुग्णांची तपासणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील बहुतेकांचे मुरूम पौगंडावस्थेपासून चालत आलेले होते. पण त्यांतील स्त्रियांपैकी सुमारे शेकडा १८ जणींना ते पंचविशीनंतरच पहिल्यांदा आले होते. थोडक्यात, चाळिशीतल्या चार बायका एकत्र बसल्या तर एकीच्या तोंडावर मुरूम असणे यात नवल काही नाही. नवल आहे ते एवढेच की, त्या चौघीही त्याबद्दल बोलत नाहीत.

न बोलण्याचे कारणही इतिहासातच आहे. मुरूम हा विकार कधी नुसता विकार म्हणून पाहिलाच गेला नाही; तो आचरणाचा दाखला ठरला. एकोणिसाव्या शतकातील युरोपात मनातील वासनांशी त्याचे नाते जोडीत, आणि लग्न झाले की सारे आपोआप बरे होईल असे डॉक्टरसुद्धा सांगत. आपल्याकडेही हा सल्ला अनोळखी नाही. तो काळ सरला तेव्हा अस्वच्छतेवर बोट गेले, मग तळलेल्या पदार्थांवर, मग चॉकलेटवर. आरोपी बदलला नाही, फक्त गुन्हा बदलत गेला.

आणि जिथे आरोप असतो तिथे लपवालपवी येते. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील उमराव घराण्यांतून डाग झाकण्यासाठी काळ्या रेशमाच्या टिकल्या गालांवर चिकटवीत आणि त्यांवर सफेदा फासत. हा सफेदा म्हणजे शिशाचे विष. मारिया गनिंग ही लंडनची विख्यात सुंदरी १७६० साली ऐन तारुण्यात वारली. तिचा बळी या सफेद्याने घेतला असे सांगतात. त्याच काळात गौलंड नावाच्या माणसाचे लोशन खपत असे. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’ कादंबरीत रूपाचा गर्व वाहणारे एक सरदार चेहऱ्यावरच्या ठिपक्यांसाठी त्याची मनापासून शिफारस करतात. त्या लोशनात पाऱ्याचे जहाल क्षार असत आणि ते वरची कातडीच सोलून काढी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्ष-किरणांची पाळी आली. कोवळ्या मुलामुलींच्या तोंडावर मुरमांसाठी हे किरण सोडले गेले आणि त्यांतल्या काहींना पुढे कित्येक वर्षांनी गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा किंवा त्वचेचा कर्करोग झाला. या बखरीतला मला सर्वांत बोचणारा भाग हाच. मुरमाने कोणी मेले नाही; त्याच्या लाजेने मात्र माणसे विषापर्यंत गेली.

शास्त्राची पावले तोवर दुसऱ्या वाटेने पडत होती. १८९६ साली जर्मनीतील उन्ना याला मुरमात सूक्ष्म जंतू दिसले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या साबूरो याने ते वाढवून दाखविले. सर्वांना वाटले, चोर सापडला. पण तोच जंतू नितळ चेहऱ्यावरही सुखाने नांदत असतो असे आढळले. खरा दुवा १९४१ साली हाती आला. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने दाखविले की, वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले अशा पुरुषांना मुरूम येत नाहीत. त्यांना पुरुषी हार्मोन टोचले की येतात, आणि ते थांबविले की ओसरतात. तिथे पोट नाही, मन नाही, पाप नाही. मुरमाचे बीज शरीराच्या आतल्या रसायनात निघाले.

ते घडते असे. त्वचेवरील प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची एक बारीक ग्रंथी असते. पुरुषी हार्मोन स्त्रियांच्या अंगातही थोड्या प्रमाणात असतेच. त्याच्या हुकमाने ही ग्रंथी फुगते आणि तेल अधिक गाळू लागते. त्याच वेळी केसाच्या नळीचे आतले अस्तर नीट झडत नाही; तेल आणि झडलेल्या पेशी यांचे बूच बसते. बुचाखाली जंतू फोफावतात, शरीर त्यांच्यावर चालून जाते, आणि ती धुमश्चक्री म्हणजेच लाल, ठणकणारा मुरूम. बुचाचे तोंड उघडे राहिले तर ते काळे पडते. तो काळेपणा मळाचा नव्हे. त्वचेचेच रंगद्रव्य आणि हवा लागलेले तेल यांचा तो रंग. म्हणून दिवसातून दहा वेळा साबणाने तोंड खसखसून धुणाऱ्याला कोरड्या, चिडलेल्या कातडीपलीकडे काही मिळत नाही.

यानंतरचे पान उलटताना हात जड होतो. फिलाडेल्फिया शहरातील होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात डॉ. आल्बर्ट क्लिगमन यांनी कैद्यांच्या कातडीवर प्रयोग चालविले. कैदी बहुतांशी कृष्णवर्णीय आणि गरीब. थोड्याशा पैशासाठी पाठ आणि दंड पुढे करीत. आपल्या अंगाला काय लावले जात आहे याची पुरती कल्पना त्यांना दिलेली नसे. याच प्रयोगांच्या काळात ‘अ’ जीवनसत्त्वापासून केलेल्या आम्लाचा मलम मुरमांवर गुणकारी ठरला. १९६९ साली त्यावर निबंध निघाला, १९७१ साली अमेरिकन सरकारने औषधाला परवानगी दिली. तुरुंगातील प्रयोगांबद्दल शहराने माफी मागायला मात्र २०२२ साल उजाडावे लागले. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या त्या छोट्या नळीवर या माणसांची नावे नसतात. निदान आपल्याला ती गोष्ट ठाऊक असावी.

चॉकलेटचा सुप्रसिद्ध प्रयोगही याच मंडळींचा. १९६९ साली किशोरवयीन मुले-मुली आणि तरुण कैदी मिळून पासष्ट जणांना रोज चॉकलेटची मोठी वडी, किंवा चॉकलेट नसलेली तशीच वडी, खायला देऊन पाहिले. फरक पडला नाही, आणि ‘आहाराचा काही संबंध नाही’ हे वाक्य पुढे अनेक वर्षे डॉक्टरांच्या तोंडी बसले. पण दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी जवळजवळ तितकीच होती! २००२ साली लॉरेन कॉर्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले की, पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावर बाराशे लोक तपासले तेव्हा एकालाही मुरूम सापडला नाही. ते कंद, फळे, नारळ आणि मासे खातात. अर्थात त्यांचे रक्त, त्यांचे जगणे, सारेच वेगळे. एका ताटावरून निकाल देता येत नाही. पुढे २००७ साली ऑस्ट्रेलियात त्रेचाळीस तरुणांवर बारा आठवडे प्रयोग झाला. ज्यांच्या जेवणातून साखर व मैदा यांसारखे झटकन पचणारे पदार्थ कमी केले त्यांचे मुरूम अधिक कमी झाले. तेव्हा दिवाळीचा फराळ हा गुन्हेगार नव्हे. वर्षभर रोज साखर-मैदा खाणे हा एक लहान साथीदार असू शकतो, इतकेच.

आता प्रौढपणीच्या मुरमांकडे वळू. ते बहुधा गालांच्या खालच्या भागावर, जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर येतात आणि पाळीच्या आधी उसळी घेतात. रक्त तपासले तर पुष्कळदा हार्मोन अगदी बेतात निघते. ग्रंथीच तेवढी हळवी असते. मात्र पाळी अनियमित असेल, ओठांवर वा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर बीजकोशांचा विकार आहे काय ते पाहावे लागते. शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली त्याचे वर्णन केले. आज तो ‘पीसीओएस’ या नावाने आपल्या घराघरांत ठाऊक झाला आहे. अशा वेळी चेहऱ्यावर मलम लावीत बसण्यापेक्षा आधी डॉक्टरांचे दार ठोठवावे.

आपल्या घरांत मुरमाला खतपाणी घालणाऱ्या दोन गोष्टी विशेष. एक, केसांचे तेल. डोक्याला लावायच्या तेलकट पदार्थांनी कपाळावर बारीक पुटकुळ्या उठतात हे १९७० साली नोंदले गेले आहे. म्हणून नरकचतुर्दशीचे अभ्यंग अवश्य करावे, पण मुरमाळ चेहऱ्यावर तेल रगडू नये, आणि उटण्याने खरवडू तर मुळीच नये. दुसरी गोष्ट याहून घातक: गोरेपणासाठी आणि ‘पिंपल्स’साठी शेजारीण सांगते ते स्टिरॉईडचे मलम. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारींचे २,९२६ रुग्ण तपासून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील ४३३ जण असे मलम फाशीत होते, आणि अर्ध्याहून अधिकांना ते डॉक्टरांनी दिलेलेच नव्हते. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, पुढे त्याच मलमाने मुरूम उसळतात, कातडी पातळ होते, आणि मलम थांबवावे तर आग होते. सफेद्याचीच ही नवी आवृत्ती.

मग करावे काय? जे करायचे ते साधे आहे, फक्त सावकाश आहे. सौम्य साबणाने दोनदा तोंड धुवावे. बेन्झॉईल पेरॉक्साईडचे मलम जंतूंना आवरते. त्याने टॉवेलाचा आणि उशीच्या अभ्र्याचा रंग जातो, एवढे सांभाळावे. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या घराण्यातील मलम रात्री, चिमूटभर लावावे. पहिले काही आठवडे कातडी रुसते, मग वळणावर येते. निकाल पाहायला दोन ते तीन महिने द्यावेत. जंतुनाशक गोळ्या एकट्या आणि दीर्घकाळ घेऊ नयेत, जंतू निर्ढावतात. आपल्या सावळ्या कातडीवर मुरूम गेल्यावर तपकिरी डाग मागे राहतात. ते फोडल्याने आणि उन्हाने गडद होतात, आणि जायला महिने घेतात. लिंबू आणि टूथपेस्ट ही स्वयंपाकघरात व मोरीतच शोभतात. हट्टी मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या १९८२ पासून आहेत. गुण मोठा आणि धोकाही मोठा: त्या घेत असताना आणि नंतर महिनाभर गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. स्पायरोनोलॅक्टोन हे मूळचे लघवी वाढविणारे औषध. २०२३ साली ब्रिटनमध्ये ४१० प्रौढ स्त्रियांवरील चाचणीत ते मुरमांवर उपयोगी ठरले, पण खरा फरक चोवीस आठवड्यांनी दिसला. तेही गर्भारपणात चालत नाही. मूल हवे असणाऱ्या बाईने ‘अ’ जीवनसत्त्वाचे मलमसुद्धा डॉक्टरांना विचारल्याखेरीज लावू नये.

ही सारी बखर चाळून झाल्यावर माझ्या हाती एक गोष्ट राहिली. मुरमावर औषध शोधायला माणसाला दोन हजार वर्षे लागली. पण त्या दोन हजार वर्षांत ज्याच्या तोंडावर मुरूम आहे त्याचेच काही चुकले असणार, हा समज एक दिवसही सुटीवर गेला नाही. हार्मोनने तो खोटा पाडला तरी तो शेजारीपाजारी, नात्यागोत्यांत अजून पगारावर आहे. त्याला निवृत्त करण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ लागत नाही. भाऊबीजेला बहीण ओवाळायला समोर बसेल, माहेरवाशीण दारात येईल, तेव्हा “अगं, हे काय झालंय तोंडाला?” हे पहिले वाक्य गिळून टाकावे आणि “ये, बस, चहा ठेवते” हे दुसरे वाक्य आधी बोलावे. निम्मा उपचार डॉक्टर करतील. उरलेला निम्मा आपल्याच हातात आहे, आणि त्याला एक पैही पडत नाही.